नवा मोबाईल घेताना: खान्देशातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतून सतत येणारे हे प्रश्न आहेत. आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आसपास आणि दिवाळीच्या आधी त्यांचा जोर वाढतो. उत्तरांमध्ये मॉडेलची नावं जवळजवळ नाहीत, कारण दुकानातली यादी दर दोन-तीन महिन्यांनी बदलते. काय बघून घ्यायचं, हे मात्र इतक्या लवकर बदलत नाही. तेच तेच पुन्हा सांगायला नको म्हणून जागोजागी दुसऱ्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. भाऊ, पंधरा हजारमा चांगला मोबाईल कोनता शे?

आधी हे सांगा, की तुम्ही काय सोडायला तयार आहात? या किमतीत ५जी मिळतं, ५००० एमएएच किंवा त्याहून मोठी बॅटरी मिळते, १२० हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारी स्क्रीनही मिळते. पण कंपनी कुठेतरी पैसा वाचवतेच. कोणी स्क्रीन फुल एचडीऐवजी साधी एचडी देतं, कोणी स्टोरेज जुन्या पद्धतीचं टाकतं, कोणी मागे तीन कॅमेरे दाखवून त्यातले दोन नावापुरते ठेवतं. म्हणून दुकानात जाण्यापूर्वी सध्याच्या फोनमधल्या तुम्हाला रोज छळणाऱ्या तीन गोष्टी कागदावर लिहा. उन्हात दिसत नाही, दुपारपर्यंत बॅटरी संपते, कापसाचे फोटो धुरकट येतात, जे असेल ते. त्यातल्या पहिल्या गोष्टीवर पैसा घाला, दुसरीत तडजोड चालवा आणि तिसरी सोडून द्या. ‘सगळंच चांगलं’ मागणाऱ्याला दुकानदार ज्या फोनवर जास्त मार्जिन आहे तोच देतो.

२. रॅम जास्त घ्यावी की स्टोरेज?

व्हॉट्सअ‍ॅप, यूट्यूब, यूपीआय आणि एखादं सरकारी अ‍ॅप एवढाच वापर असेल तर ६ जीबी रॅम पुरते. तीन-चार वर्षं वापरायचा असेल तर ८ घ्या. खोक्यावर ‘८ + ८’ लिहिलेलं असतं, त्यातले दुसरे ८ म्हणजे स्टोरेजमधून उसनी घेतलेली जागा. स्टोरेज रॅमपेक्षा कितीतरी हळू चालतं, त्यामुळे त्या दुसऱ्या आकड्यासाठी एक रुपयाही जास्त मोजू नका.

स्टोरेज १२८ जीबीच्या खाली नको. गावातले, नात्यातले, बचत गटाचे, शाळेचे असे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप ज्यांच्या फोनवर आहेत, त्यांचे ६४ जीबी वर्षभरात भरतात. मग फोन हँग होतो आणि दोष कंपनीला जातो. स्टोरेज कोणत्या जातीचं आहे तेही विचारा. ईएमएमसी हळू, यूएफएस वेगवान. स्वस्त फोन दोन वर्षांत म्हातारा वाटू लागतो, त्याचं एक मोठं कारण हेच असतं. जाहिरातीत मात्र ते कधी ठळक छापत नाहीत. मेमरी कार्ड लागणार असेल तर प्रश्न १९ पाहा.

३. प्रोसेसरची नावं डोक्यावरून जातात. ओळखायचं कसं?

दोन खुणा लक्षात ठेवल्या की बरंचसं काम होतं. प्रोसेसर म्हणजे फोनची मुख्य चिप. स्नॅपड्रॅगन नावाच्या चिपमध्ये ४, ६, ७, ८ अशा मालिका आहेत आणि आकडा चढत जातो तशी ताकद वाढते. डायमेन्सिटीमध्ये ६०००, ७०००, ८०००, ९००० अशी चढण आहे. हेलिओ नावाच्या चिप ४जीच्या आहेत. दुसरी खूण नॅनोमीटरची, म्हणजे चिप किती बारीक कारागिरीची आहे त्याची: ४ किंवा ६ नॅनोमीटरची चिप १२ नॅनोमीटरच्या चिपपेक्षा तेच काम कमी विजेत करते आणि कमी तापते. आपल्याकडे ही दुसरी खूण पहिलीपेक्षा महत्त्वाची का, ते पुढच्या उत्तरात कळेल.

कधी कधी जुन्याच चिपला किरकोळ फरक करून नवं नाव देतात. त्यामुळे नाव नवं आहे एवढ्यावरून वेग वाढला असेल असं धरू नका.

४. मे महिन्यात ४५ अंश तापमान असतं. फोन हातात धरवत नाही, कधी चार्जिंगच थांबतं. कमी तापणारा फोन कोणता?

तीन जिल्ह्यांतून सगळ्यांत जास्त येणारा प्रश्न हाच आहे आणि मोबाईलच्या जाहिरातीत याचं उत्तर कधीच नसतं.

ॲपल आपल्या आयफोनसाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस ही वापराची मर्यादा सांगतं. अँड्रॉइड फोनची बॅटरीही लिथियमचीच, तिचा स्वभाव वेगळा नाही. भुसावळ-जळगावचा उन्हाळा या मर्यादेच्या पुष्कळ वर असतो. फोनमध्ये पंखा नसतो, आतली उष्णता बाहेरच्या हवेत सोडूनच तो थंड होतो. बाहेरची हवाच ४५ अंशांची असली की उष्णता आतच साठत राहते. मग फोन स्वतःला वाचवायला लागतो. आधी स्क्रीनचा उजेड कमी करतो, मग प्रोसेसरचा वेग उतरवतो, मग चार्जिंग मंदावतो किंवा थांबवतो आणि शेवटी ‘तापमान जास्त आहे’ असा इशारा देतो. हा बिघाड नाही, पण रोज असं होऊ लागलं तर बॅटरीचं आयुष्य नक्की घटतं. उष्णतेने लिथियम बॅटरीची क्षमता कायमची कमी होत जाते, आणि पूर्ण चार्ज केलेला फोन गरम जागी पडून राहिला तर ती आणखी लवकर घसरते.

म्हणून आपल्याकडे निवड थोडी उलटी करावी लागते. गेमसाठी नावाजलेला, पूर्ण ताकदीने धावणारा प्रोसेसर पुण्याच्या एसी ऑफिसात शोभतो, रावेरच्या शिवारात तो अर्ध्या वेगाने चालतो. मधल्या फळीतली ४ नॅनोमीटरची शांत चिप इथे जास्त उपयोगी. १२० वॅटच्या चार्जिंगची भुरळ पडू देऊ नका. चार्जिंग वेगवान असलं तर ते सेटिंगमध्ये मंद करता येतं का, ते मात्र विचारा. उन्हाळ्यात रात्री, कव्हर काढून, सावकाश चार्ज केलेला फोन जास्त टिकतो.

बाकी सवयींचं आहे. मोटारसायकलच्या हँडलला उन्हात लावलेला फोन, गाडीच्या काचेखाली ठेवलेला फोन आणि रणरणत्या दुपारी हॉटस्पॉट चालू ठेवून खिशात टाकलेला फोन, हे तिघं कोणत्याही कंपनीचे असोत, तापणारच. तापलेला फोन फ्रीजमध्ये मुळीच ठेवू नका. आत दव धरतं आणि बोर्ड जातो. सावलीत, पंख्याखाली, कव्हर काढून ठेवा, बस.

५. वावरात दुपारी स्क्रीनवर काहीच दिसत नाही. किती निट्सची घ्यावी?

निट्स म्हणजे स्क्रीनच्या उजेडाचं माप. जाहिरातीतला २०००, ३००० निट्सचा आकडा स्क्रीनच्या एका छोट्याशा भागाचा, काही क्षणांपुरता असतो. त्याला पीक ब्राइटनेस म्हणतात. तुम्ही बघायचा तो हाय ब्राइटनेस मोडचा, म्हणजे उन्हात पूर्ण स्क्रीनवर मिळणारा आकडा. तो १००० च्या आसपास असेल तर शेतात काम चालतं, ५००-६०० असेल तर हाताचा आडोसा धरावा लागतो. अमोलेड स्क्रीनवर काळा रंग खरा काळा दिसतो, पण उन्हात वाचायला उजेडाचा आकडाच महत्त्वाचा. एलसीडी स्वस्त असते आणि फुटली तर बदलायलाही कमी पैसे लागतात.

एक अडचण आहे. फोन तापला की तो सगळ्यात आधी याच उजेडावर कात्री चालवतो (प्रश्न ४). तेव्हा सकाळी ९ ला झळझळीत दिसणारी स्क्रीन दुपारी २ ला मंदावलेली असते. यावर उपाय एकच: दुकानातला डेमो फोन भर दुपारी दुकानाबाहेर उन्हात आणायला लावा आणि दहा मिनिटं हातात धरा. दुकानदार नाक मुरडेल, मुरडू द्या.

अमोलेडकडे रात्री कमी उजेडात बराच वेळ बघून काही जणांचे डोळे दुखतात. या स्क्रीनचा उजेड कमी करताना ती वेगाने लुकलुकते, ते कारण. तुम्हाला तसा त्रास होत असेल तर एलसीडीच बरी.

६. बॅटरी ५००० एमएएचची घ्यावी की ७००० ची?

रात्रीच्या लाईटीला मोटर चालू करायला जाणारे, दिवसभर बागेत असणारे, एसटीने रोज ये-जा करणारे यांनी मोठी घ्यावी. सिलिकॉन-कार्बन पद्धतीच्या बॅटऱ्या आल्यापासून ६०००-७००० एमएएचचे फोन पूर्वीसारखे विटेएवढे जाड राहिलेले नाहीत. तरी हातात धरून बघा, २०० ग्रॅमच्या वर गेलेला फोन सदऱ्याच्या खिशातून वाकताना पडतो.

आकडा म्हणजे सगळं नव्हे. कमकुवत रेंजमध्ये फोन टॉवर शोधत राहतो आणि ७००० ची बॅटरीही संध्याकाळी मान टाकते. लाईटीच्या चढ-उताराचंही बघा. आपल्याकडे चार्जर फोनच्या आधी मरतो आणि मग लोक रस्त्यावरचा शंभर रुपयांचा घेतात. चार्जरवर भारतीय मानक ब्युरोचा नोंदणी क्रमांक, म्हणजे ‘आर’ने सुरू होणारा आकडा असल्याशिवाय घेऊ नका. खोक्यात चार्जर आहे की नुसती केबल, तेही विचारा. यूएसबी-पीडी ही अनेक कंपन्यांची सामाईक चार्जिंग पद्धत चालणारा फोन असेल तर पुढे कोणत्याही चांगल्या कंपनीचा चार्जर लावता येतो. स्वतःच्याच चार्जरवर वेगाने चार्ज होणारा फोन तो चार्जर जळाला की अडून बसतो.

७. आमचं गाव सातपुड्यात, धडगावच्या पुढे. ५जी फोन घेण्यात अर्थ आहे का?

पाच वर्षं वापरायचा असेल तर आहे. भारतात ५जी १ ऑक्टोबर २०२२ ला सुरू झालं. तालुक्याच्या गावापर्यंत ते आलं तरी डोंगरातल्या पाड्यावर कधी येईल, हे कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण आता मधल्या किमतीत ४जी फोन फारसे उरलेच नाहीत, आणि जे आहेत त्यांच्या चिप जुन्या आहेत.

तुमच्यासाठी ‘५जी’ या शब्दापेक्षा बँडची, म्हणजे फोन कोणकोणत्या लहरी पकडतो त्यांची यादी महत्त्वाची. ७०० मेगाहर्ट्झसारख्या खालच्या लहरी लांब जातात, भिंतीतून आणि झाडीतूनही बऱ्यापैकी पोहोचतात. ३३०० मेगाहर्ट्झच्या वरच्या लहरी वेग भरपूर देतात, पण त्यांना अंतर झेपत नाही. जिओच्या ५जीत दोन्ही आहेत, एन२८ म्हणजे ७०० आणि एन७८ म्हणजे ३३०० च्या वरचा. बीएसएनएलचं ४जी वापरणार असाल तर फोनच्या ४जी यादीत बँड २८ आणि बँड १ आहेत ना, ते तपासा. जिओ ४जीसाठी बँड ५ लांब पोहोचतो. ही यादी खोक्यावर नसते, कंपनीच्या संकेतस्थळावर फोनच्या तपशिलात असते. दुकानातल्या पोराला विचारून उपयोग नाही, तो ‘सगळे बँड आहेत’ म्हणतो.

आणि एक गोष्ट फोन घेण्याआधीच करा. तोरणमाळ, मोलगी, अक्कलकुवा या भागात टेकडीच्या अल्याड एका कंपनीची रेंज असते, पल्याड दुसरीची. शेजाऱ्याचं सिम तुमच्या फोनमध्ये टाकून दोन दिवस फिरा. कितीदा तरी फोन बदलण्याऐवजी सिम बदलल्यानेच काम होतं आणि पंधरा हजार वाचतात.

८. ५जी चालू ठेवलं की बॅटरी लवकर उतरते. फोन खराब आहे का?

नाही. जिथे ५जी अधूनमधूनच येतं, तिथे फोन सतत ४जी-५जी अशा उड्या मारतो. सेटिंगमध्ये नेटवर्क ‘एलटीई’वर, म्हणजे ४जीवर ठेवा, शहरात गेलात की पुन्हा चालू करा.

९. अंगणात रेंज येते, घरात येत नाही. कोणता फोन घरात चांगली रेंज पकडतो?

धाब्याच्या घराची जाड मातीची भिंत असो की नव्या बंगल्याचा स्लॅब, दोन्ही लहरी अडवतात. फोनाफोनात थोडा फरक पडतो, पण चमत्कार होत नाही. घरात वायफाय असेल तर वायफाय कॉलिंग असलेला फोन घ्या. तो साधा कॉल वायफायवरून लावतो, समोरच्याला काही कळतही नाही आणि वेगळे पैसेही लागत नाहीत. तुमची सिम कंपनी आणि फोन, दोघांकडेही ही सोय हवी. वायफाय नसेल तर खालचे बँड बघा (प्रश्न ७).

१०. २०० मेगापिक्सेलचा कॅमेरा ५० पेक्षा चारपट चांगला का?

नाही. २०० मेगापिक्सेलचा फोन नेहमीच्या वापरात शेजारचे पिक्सेल एकत्र करून १२ ते ५० मेगापिक्सेलचाच फोटो देतो. फोटो चांगला येतो तो सेन्सर मोठा असला तर, लेन्स चांगली असली तर आणि हात हलला तरी लेन्स सावरणारी ओआयएस असली तर. संध्याकाळच्या लग्नात, हळदीच्या मांडवात, कानबाईच्या रात्रीच्या कार्यक्रमात फरक पडतो तो ओआयएसने. २ मेगापिक्सेलचे मॅक्रो आणि डेप्थ कॅमेरे मोजूच नका, ते मागची बाजू भरलेली दिसावी म्हणून असतात.

कृषी सेवा केंद्राला पानावरचा करपा किंवा बोंडअळी दाखवायची असेल तर मॅक्रोपेक्षा मुख्य कॅमेरा दोनपट झूमवर ठेवून थोडं लांबून फोटो काढा, जास्त स्पष्ट येतो.

एक इशारा, जो क्वचितच कोणी देतं. ॲपलने २०२१ मध्ये स्वतः सांगितलं की मोटारसायकलच्या इंजिनाच्या जोरदार हादऱ्यांनी ओआयएस असलेल्या कॅमेऱ्याचं काम बिघडू शकतं. हँडलला फोन लावून रोज शहादा ते नंदुरबार जाणार असाल तर हादरे शोषणारा होल्डर घ्या, नाहीतर फोन खिशात ठेवा.

११. आयपी६८ असला की फोन विहिरीत पडला तरी चालेल?

विहीर खोल असते, परवानगी बहुतेक फोनना दीड मीटरच्या आसपास आणि अर्ध्या तासाची असते, तीही स्वच्छ, स्थिर पाण्यात. आयपीनंतरचा पहिला आकडा धुळीचा, दुसरा पाण्याचा. ६ म्हणजे धूळ आत जात नाही, ५ म्हणजे थोडी गेली तरी काम अडत नाही. कपाशीच्या कोळपणीत, जिनिंगमध्ये, वीटभट्टीवर काम करणाऱ्यांना पाण्याच्या आकड्यापेक्षा धुळीचा ६ जास्त उपयोगी पडतो. फवारणीची औषधं आणि खताचं पाणी या चाचणीत धरलेलं नसतं. शिवाय आयपी६८ असूनही पाण्याने झालेलं नुकसान बहुतेक कंपन्या वॉरंटीत घेत नाहीत, आणि एकदा फोन उघडून दुरुस्त केला की पूर्वीची सीलबंदी तशीच राहील याची खात्री नसते.

ठिबकच्या बागेत भिजण्यापुरती गरज असेल तर आयपी५४ किंवा ६४ पुरे. उरलेले पैसे स्क्रीनवर घाला.

१२. माझा अंगठा लागत नाही. कोणता सेन्सर घ्यावा?

शेतीकामाने आणि केळीच्या चिकाने बोटांच्या रेषा झिजतात, बुजतात. स्क्रीनच्या आतला स्वस्त ऑप्टिकल सेन्सर अशा बोटांना जास्त नाकारतो. महाग फोनमधला अल्ट्रासॉनिक सेन्सर बरा. कडेच्या बटणातला सेन्सर कोरड्या बोटाला चांगला, ओल्या बोटाला नाही. तेच बोट दोन-तीनदा नोंदवा, त्यातलं एकदा काम संपवून आल्यावर. आणि पिन लक्षात ठेवा. यूपीआयचा पिन आणि फोनचा पिन एकच ठेवू नका, हे विचारलं नसलं तरी सांगतो.

१३. ई-पीक पाहणीत जागा चुकीची दाखवते. त्यासाठी वेगळा फोन लागतो का?

वेगळा लागत नाही. मोकळ्या आकाशाखाली चांगल्या स्मार्टफोनचं जीपीएस साधारण ५ मीटरच्या आत जागा दाखवतं. केळीच्या दाट बागेत किंवा आंब्याखाली चूक वाढते, कारण उपग्रहाचे संकेत पानांतून गाळून येतात. अ‍ॅप उघडण्याआधी बांधावर, मोकळ्यावर दोन मिनिटं उभं राहा आणि लोकेशन ‘अचूक’वर ठेवा. नवा घेतच असाल तर एल१ आणि एल५ अशा दोन्ही लहरी पकडणारा घ्या, शेजारच्या गटात पिन जाण्याची शक्यता कमी होते. मधल्या किमतीतही असे फोन मिळतात. गावात नेट नसेल तर काय, याचं उत्तर फोनमध्ये नाही, प्रश्न ७ मध्ये आहे.

१४. अपडेट किती वर्षं मिळणार, हे खरंच बघायचं का?

हो. फोनवरून बँक चालवत असाल तर नक्कीच. सुरक्षा अपडेट बंद झाली की फोन चालतो, पण दाराची कडी सैल राहते. गूगलने २०२३ च्या पिक्सेल ८ पासून आणि सॅमसंगने २०२४ च्या एस२४ पासून ७ वर्षांचा शब्द दिला. स्वस्त फोनमध्ये हा आकडा दोन ते सहा वर्षं असा काहीही असू शकतो, आणि तो मॉडेलगणिक बदलतो, कंपनीगणिक नाही. वर्षं मोजताना फोन बाजारात आल्याच्या तारखेपासून मोजा. दिवाळीच्या सेलमध्ये अर्ध्या किमतीत मिळणारा दोन वर्षांपूर्वीचा फोन आपली दोन वर्षं खर्चून आलेला असतो.

१५. आई-बाबांसाठी घ्यायचा आहे. बटणाचा की टचचा?

त्यांना नातवंडांचा व्हिडिओ कॉल बघायचा असेल तर टचचा. मोठा आवाज (दुकानात रिंग वाजवून बघा), ६.५ इंचांच्या वरची स्क्रीन, कमी जाहिराती. स्वस्त फोनमध्ये कंपनीच जाहिराती घुसडते आणि म्हातारी माणसं त्या दाबून नको ती अ‍ॅप टाकून बसतात. घेतल्या दिवशीच अक्षरं मोठी करा, भाषा मराठी करा, बोलून मराठी लिहायची सोय चालू करा. बाबांना आकाशवाणी ऐकायची असेल तर एफएम रेडिओ आणि हेडफोनचं गोल भोक दोन्ही आहेत का बघा, कारण हेडफोनची वायरच अँटेना असते. दोन्ही असलेले फोन कमी होत चालले आहेत.

नुसते कॉल हवेत तर बटणाचा घ्या, पण जिओचं सिम असेल तर ४जी बटणाचाच. जिओकडे २जी नाही.

१६. ऑनलाइन घ्यावा की जळगावच्या गोलाणी मार्केटमध्ये?

ऑनलाइन सेलमध्ये किंमत बऱ्याचदा कमी असते. दुकानात फोन हाताळता येतो, उन्हात बघता येतो (प्रश्न ५) आणि बिघडला तर भांडायला माणूस समोर असतो. दोन्हीकडे किंमत विचारून जळगावात भाव करा, हजार-पाचशे कमी होतात किंवा कव्हर आणि ग्लास मोफत मिळते. पण ‘बिल नको, स्वस्तात देतो’ म्हटलं की उठा. मोबाईलवर १ एप्रिल २०२० पासून १८ टक्के जीएसटी आहे, तो वाचवण्याच्या नादात वॉरंटी आणि तक्रारीचा हक्क दोन्ही जातात. पक्क्या बिलावर आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख क्रमांक लिहून घ्या. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५.

सर्व्हिस सेंटर कुठे आहे, हे किमतीइतकंच महत्त्वाचं. तळोद्याच्या माणसाला फोन घेऊन सुरतेला किंवा नाशिकला जावं लागणार असेल तर ती कंपनी कितीही चांगली असो, दोनदा विचार करा.

१७. ‘शून्य टक्के व्याज’ म्हणजे खरंच शून्य?

क्वचितच. प्रोसेसिंग फी असते, रोखीची सूट हातची जाते, आणि कार्डाच्या हप्त्यांत व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो. एकूण किती रुपये भरायचे, हा एकच आकडा लिहून मागा आणि रोखीच्या भावाशी ताडून बघा. हप्ता चुकला तर फोन लॉक करणारं अ‍ॅप टाकणार का, तेही सही करण्याआधी विचारा. कापूस विकला की हप्ता भरू, असा हिशोब असेल तर कापसाचा भाव आणि हप्त्याची तारीख एकमेकांना ओळखत नाहीत.

१८. सेकंडहँड घ्यायचा आहे. चोरीचा नाही हे कसं कळेल?

*#०६# दाबा, आयएमईआय दिसेल. बिलावरच्या आकड्याशी जुळवा. मग मेसेजमध्ये केवायएम ही इंग्रजी अक्षरं, एक जागा सोडून तो १५ आकडी क्रमांक, आणि पाठवा १४४२२ वर. संचार साथी पोर्टलवरही हे करता येतं. मे २०२३ पासून देशभर चालू असलेल्या या पोर्टलवर हरवलेला फोन बंद पाडण्याचीही सोय आहे, त्यामुळे आज चालणारा चोरीचा फोन उद्या तुमच्या हातात दगड होऊ शकतो.

मालकासमोर फोन पूर्ण रिसेट करा. रिसेटनंतर जुनं गूगल किंवा ॲपल खातं मागत असेल तर पैसे देऊ नका. स्क्रीन बदललेली असेल, म्हणजे दुरुस्तीवाल्यांच्या भाषेत फोल्डर टाकलेलं असेल, तर मूळचं की लोकल, ते किमतीत धरा. बॅटरी बदलण्याचा खर्चही धरूनच भाव करा, कारण दोन उन्हाळे काढलेली बॅटरी कशी असते ते प्रश्न ४ मध्ये आलंच आहे.

१९. दोन सिम आणि मेमरी कार्ड, तिन्ही एकाच वेळी हवं. मिळेल?

मिळतं, पण कमी फोनमध्ये. बहुतेकांत हायब्रिड ट्रे असतो: दोन सिम, किंवा एक सिम आणि एक कार्ड. पळवाट म्हणजे ई-सिम, म्हणजे फोनच्या आतच बसवलेलं, कार्ड न लागणारं सिम. एक नंबर ई-सिमवर घेतला की कार्डाची जागा मोकळी होते. पण फोन बदलताना ई-सिम नव्या फोनवर न्यायला नेट आणि थोडी खटपट लागते, नुसतं काढून टाकता येत नाही. जिथे फोन बिघडला की त्याच रात्री सिम दुसऱ्या फोनमध्ये टाकून कॉल लावावा लागतो, तिथे प्लास्टिकचं सिमच बरं. नवापूरकडच्या मंडळींनी दोन कंपन्यांची दोन सिम ठेवावीतच. तिथलं रेल्वे स्टेशनसुद्धा अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातेत आहे, टॉवर तरी एका बाजूचे कसे राहतील!

२०. पोरगा कॉलेजला जाणार, आयफोनच पाहिजे म्हणतो.

आयफोनला अपडेट बरीच वर्षं मिळतात, व्हिडिओ उत्तम येतो, जुना विकताना भावही चांगला येतो. पण फुटल्यावर मूळ स्क्रीनचा खर्च ऐकून घ्या, मग ठरवा. त्याला खरंच व्हिडिओचं काम शिकायचं असेल तर एक पिढी मागचा नवा आयफोन बघा, २०२३ च्या १५ पासून पुढचे सगळे यूएसबी-सीचे आहेत, घरातलाच चार्जर चालतो. मित्रांकडे आहे म्हणून हवा असेल, तर तो घरातला विषय आहे, मोबाईलचा नाही.

२१. अमेरिकेतला भाचा फोन आणतो म्हणतोय. स्वस्त पडेल ना?

किमतीत पडेल, पण तीन गोष्टी विचारून घ्या. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोन १४ मध्ये आणि तिथल्या पुढच्या मॉडेलांमध्ये सिमचा ट्रे नाही, फक्त ई-सिम चालतं. प्रश्न १९ मधली अडचण तिथे लगेच उभी राहते. अँड्रॉइड फोन असेल तर इकडचे बँड (प्रश्न ७) आणि भारतातली वॉरंटी, दोन्ही तपासा. अनेक कंपन्यांची वॉरंटी ज्या देशात फोन घेतला तिथेच चालते. तिथल्या मोबाईल कंपनीच्या हप्त्यांवर घेतलेला फोन बहुतेकदा हप्ते फिटेपर्यंत लॉक असतो, तोवर त्यात इकडचं सिम चालणारच नाही. ‘अनलॉक्ड’ असं बिलावर लिहिलेलं असेल तरच आणायला सांगा.